पालकांसाठी चहा

लिनेट ऑर्मरॉडने ‘पालक’ असं छापलेला बिल्ला मुकाट्याने गळ्यात अडकवला आणि वर टेबलामागच्या बाईंना म्हणाली, “वा, छान आहे हो. थँक्यू.”

पिपाने आईच्या कोटाची बाही ओढली. तिच्या स्वतःच्या हातात ‘भावी विद्यार्थी’ असा जांभळा बिल्ला आला होता, शिवाय एक कापडी पिशवी, एक पेन आणि कॉल्डरविक विद्यापीठाचं नाव मिरवणारी पाण्याची बाटली. हे सगळं खरं तर आईचं होतं. विद्यापीठ बघायला येण्याच्या या दिवसाची नावनोंदणी आईने केली होती, स्वतःच्या नावाने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, वेबसाइटचं पान उघडून, बंद करून, पुन्हा उघडून. बाईंनी यादीत ‘ऑर्मरॉड’ शोधलं, मान वर केली, त्रेचाळीस वर्षांच्या लिनेटच्या खांद्यावरून मागे पाहिलं, तिथे सोळा वर्षांची पिपा उभी दिसली आणि त्यांच्यापुरता प्रश्न सुटला.

“आई, सांग ना त्यांना.”

“काय सांगू?”

“की विद्यार्थी तू आहेस!”

“हळू. मागे रांग आहे.”

“असू दे की रांग!”

“लोक खोळंबतील. आणि बिचाऱ्या किती गोड बोलल्या. आता त्यांना तोंडावर म्हणायचं का, की तुम्ही चुकलात?”

शेजारचे मिस्टर प्लँट लिनेटला कित्येक वर्षं ‘लिंडा’ म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांना सांगायचं राहून गेलं, दुसऱ्या दिवशी ते बरं दिसेना, आणि आता तर वेळच टळून गेली म्हणून दर नाताळात त्यांच्या कार्डावर ती ‘लिंडा’ अशी झोकदार सही करते. अशा बाईकडून बिल्ला बदलून घ्यायची अपेक्षा म्हणजे फारच झालं.

पण आजचा दिवस मिस्टर प्लँटचा नव्हता. दोन वाजता, समोर दिसणाऱ्या उंच इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, डॉक्टर टॅटरसल इतिहासाचा नमुन्यादाखल एक वर्ग घेणार होत्या. ज्यांना नोकरी सांभाळून शिकायचंय, त्यांनी वर्ग संपल्यावर त्यांनाच भेटायचं होतं. लिनेट नऊ नंबरची बस चालवते. आजची शनिवारची पाळी तिने महिनाभर आधी एका सहकाऱ्याच्या गळ्यात मारली होती आणि पिपाला बजावलं होतं, “आज त्या वर्गात बसून बघते. जमेलसं वाटलं तर अर्ज भरीन. नाही वाटलं तर हा विषय बंद. पुन्हा माझ्या मागे भुणभुण नाही लावायची. कबूल?”

पिपाने कबूल केलं होतं. कबूल करताना आई नापास होऊ शकते हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“निघायचं का सगळ्यांनी?” जांभळं जॅकेट घातलेला एक उंच, हसरा मुलगा ओरडला. “मी बार्नबी. तिसरं वर्ष, भूगोल. मी तुम्हाला सगळं आवार दाखवणार आहे, आणि तेही उलटं चालत!”

आणि तो खरंच उलटा चालायला लागला. तोंड पाहुण्यांकडे, पाठ रस्त्याकडे. त्याच्या मागून वीस-पंचवीस माणसं निघाली. जांभळे बिल्लेवाले पुढे, खिशात हात घालून, कंटाळल्याचं सोंग करत; हिरवे ‘पालक’ बिल्लेवाले मागे, छत्र्या आणि सँडविचचे डबे सांभाळत. लिनेट आपोआप मागे पडली. पिपाने तिला दंडाला धरून पुढे आणलं.

“अगं, ढकलतेस काय? हा काय मेंढीबाजार आहे?”

“तुला ऐकू यायला नको?”

“मला ऐकू येतं. तुझ्या तोंडाला आज सुट्टी नाही वाटतं.”

हे टोमणे पिपाला अलीकडे फुलांसारखे वाटतात. गेल्या वर्षापर्यंत तिला दुकानात जाऊन बटाट्याचे चिप्स मागायचे म्हटलं तरी घाम फुटायचा. मग शाळेत वक्तृत्वाच्या स्पर्धेत कोणीतरी आजारी पडलं, बाईंनी तिलाच व्यासपीठावर ढकललं, आणि तिथे उभं राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की लोक ऐकतात! आपण बोललो की लोक खरोखर ऐकतात! तेव्हापासून तिने मागे वळून पाहिलेलं नाही. दाताच्या डॉक्टरांची वेळ ती घेते, गॅसवाल्यांशी ती भांडते, हॉटेलात सूप गार आलं तर ते परतही तीच पाठवते. लिनेट तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसते.

“हे ग्रंथालय,” बार्नबी म्हणाला. “दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं. पांढरा दगड दक्षिणेतून आणला, कारण तेव्हाच्या कुलगुरूंना इथली लाल वीट गावठी वाटायची. दोन वर्षांत गिरण्यांच्या धुराने सगळं काळं झालं. मग परत धुतलं.”

“कचराकुंडी!” एक बाप ओरडला.

बार्नबीने न बघता कचराकुंडीला वळसा घातला. “माहितीय, माहितीय. आजवर फक्त एकदाच तळ्यात पडलोय.”

सगळे हसले. लिनेट मात्र ग्रंथालयाच्या कोपऱ्याशी थांबून पलीकडे वाकून बघत होती.

“पिपा, मागे बाग आहे गं! सफरचंदाची झाडं आहेत चक्क.”

“मग?”

“मग काय? मला वाटायचं मागे सायकलींचे स्टँड असतील. रस्त्यावरून फक्त त्या तीन खिडक्या दिसतात.”

नऊ नंबरची बस विद्यापीठाला पुढून वळसा घालते. ग्रंथालय, जुनी इमारत, मनोरा, नवी काचेची प्रयोगशाळा. चार थांबे, आणि पोरापोरींची चढउतार. लिनेटने प्रत्येक इमारतीचा एकच चेहरा पाहिला होता, तोही स्टिअरिंगच्या उंचीवरून. आज पहिल्यांदाच ती खाली उतरून मागे फिरत होती. तिची चाल बदलल्याचं पिपाच्या लक्षात आलं. छत्री बंद करून तिने काखेत मारली होती, पाऊस भुरभुरत असूनही.

जुन्या इमारतीपाशी बार्नबी पायऱ्या चढून उभा राहिला. लाल विटांची लांबच लांब इमारत, मधोमध घड्याळ, वरच्या मजल्यावरच्या खिडक्या अरुंद.

“ही आमची सगळ्यात जुनी वास्तू. बांधली तेव्हा हे परगण्याचं वेड्यांचं इस्पितळ होतं.” तो जरा थांबला. “आता यात कुलगुरूंचं कार्यालय आहे. काही बदललेलं नाही.”

हा विनोद त्याने आज सकाळपासून पाच-सहा वेळा तरी केला असणार. लोक हसले. लिनेट हसली नाही. ती वर खिडक्यांकडे बघत होती.

“इस्पितळ बंद पडलं, इमारत रिकामी राहिली,” बार्नबी पुढे सांगू लागला. “मग गावातल्या काही जणांनी इथे संध्याकाळचे वर्ग सुरू केले. तुमच्याआमच्यासारखी शाळा संपवून आलेली पोरं नव्हती हं त्यात. गिरणीतून सुटून आलेले लोक. बायका, पुरुष, कोणाचं लग्न झालेलं, कोणाला नातवंडं. विद्यापीठ नंतर झालं. आत आलात तर त्यांचा फोटो आहे.”

आत दारापाशीच, खोली गरम ठेवणाऱ्या नळीच्या वर, तो फोटो लावलेला होता. जांभळे बिल्ले त्याच्यावरून सरकत पुढे गेले. लिनेट थांबली. बाकांवर दाटीवाटीने बसलेल्या बायका. डोक्यावरून शाल घेतलेल्या, काहींच्या पायांत लाकडी तळव्यांचे बूट. एकही कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. सगळ्या फोटोच्या चौकटीबाहेर, एकाच दिशेला बघत होत्या, जिथे फळा असणार.

“आई, चल ना, पुढे गेले सगळे.”

“हो.”

“आई!”

“आले म्हटलं ना. काय दमलेल्या आहेत गं या.” लिनेटने काचेवर बोट टेकवलं नाही, पण टेकवण्याइतकं जवळ नेलं. “आणि बघ तरी कशा बघतायत.”

बाहेर पडल्यावर ती पिपाच्या कानाशी आली.

“तुला एक सांगू? ही इमारत बसमधून मला नेहमी पाठमोरी दिसते. एवढं मोठं देखणं दार, नि ते तिकडे, डोंगराकडे. रस्त्याकडे नुसते नळ आणि भिंती. इतकी वर्षं मला वाटतंय, हिने गावाकडे पाठ का केली असेल?”

“विचार ना त्याला!”

“छे गं. सगळ्यांसमोर काय—”

“बार्नबी!” पिपाचा हात केव्हाच वर गेला होता. “या इमारतीचं मोठं दार डोंगराकडे का आहे? गावाकडे पाठ का केलीय?”

बार्नबी उलटं चालता चालता थांबला. त्याने इमारतीकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं.

“कारण डोंगर देखणे आहेत आणि कॉल्डरविक…” त्याने खांदे उडवले. दक्षिणेकडून आलेले तीन-चार पालक मोठ्याने हसले. मग तो जरा ओशाळला. “खरं सांगू? मला नाही माहीत. आजवर कोणी विचारलं नाही. भारी प्रश्न आहे हा. तू इतिहासच घे. दोन वाजता टॅटरसल मॅडमच्या वर्गाला ये. मी त्यांना आधीच सांगून ठेवतो.”

“नाही, म्हणजे हा प्रश्न—” पिपा म्हणाली. पण बार्नबीने पाठीमागे काय आहे याचा अंदाज घेत पुढचं पाऊल उचललं होतं, आणि सगळा घोळका त्याच्या मागे निघाला होता. एका बाईने लिनेटच्या कोपराला हळूच स्पर्श केला.

“हुशार आहे हो तुमची मुलगी.”

“हो,” लिनेट म्हणाली. “आहे खरी.”

पुढे काचेची प्रयोगशाळा झाली, तळं झालं, तळ्यातले चिडके हंस झाले. लिनेटने आणखी काही विचारलं नाही. तिने छत्री उघडली.

शेवटी मनोरा आला. सत्तर वर्षांपूर्वी भविष्यकाळ असाच दिसेल असं कोणाला तरी वाटलं होतं, त्याची ही खूण. राखाडी काँक्रीट, आणि वरपासून खालपर्यंत छोट्या उभट खिडक्या. विद्यार्थी त्याला ‘किसणी’ म्हणतात. खाली दाराशी एक मुलगी उभी होती; तिचा चेहरा दिवसभर हसून आखडला होता.

“जांभळे बिल्ले वर, हिरवे बिल्ले जुन्या इमारतीच्या दिवाणखान्यात. पालकांसाठी तिकडे चहा आहे आणि छोटंसं भाषणही आहे. खोली लहान आहे ना, म्हणून वर फक्त मुलं.”

पिपाने आईकडे पाहिलं. आता. आता तरी.

लिनेटच्या ओठांची हालचाल झाली. तिच्या मागे कोणीतरी घसा खाकरला. एक जण “जरा सरकता का?” म्हणाला.

“चहा!” लिनेट म्हणाली. “अरे वा. बरंच झालं.”

“आई, तू वेडी आहेस का? मी सांगते त्यांना. अहो, ऐका—”

“पिपा.” लिनेटने हे इतक्या खालच्या आवाजात म्हटलं की पिपा गप्पच झाली. “तू नको सांगूस.”

“मग तू सांगणार आहेस का?”

लिनेटने पिपाच्या गळ्यातला बिल्ला उलटा झाला होता तो सरळ केला, जसा ती शाळेच्या पहिल्या दिवशी कॉलर सरळ करायची, आणि हिरव्या बिल्ल्यांच्या घोळक्यात मिसळून निघून गेली.

किसणीत दोन लिफ्ट आहेत. एक साधी, आणि एक जुनी, जिला दारंच नाहीत. लाकडी खोक्यांची ती लांब माळ कधी थांबतच नाही. एका बाजूने खोकी वर जात राहतात, दुसऱ्या बाजूने खाली येत राहतात, कोणी अदृश्य माणूस जप करत बसल्यासारखी. चालत्या खोक्यात पाऊल टाकायचं आणि आपल्या मजल्यावर चालत्या खोक्यातून बाहेर पडायचं. मुलं किंचाळत, एकमेकांना ढकलत चढत होती. इतर कुठल्याही दिवशी पिपा सगळ्यात आधी उडी मारून चढली असती आणि सगळ्यात मोठ्याने किंचाळली असती. आज ती नुसती चढली. मजले एकेक करून खाली सरकत गेले. तिला रागाने रडू येत होतं, आणि राग नक्की कोणाचा ते कळत नव्हतं.

वरच्या खोलीत खुर्च्या भिंतीला टेकून गोलाकार मांडल्या होत्या. डॉक्टर टॅटरसल म्हणजे आखूड पांढरे केस, पुरुषी बूट, आणि बोलणं थेट कॉल्डरविकच्या बाजारातलं. पिपाला हे अगदी अनपेक्षित होतं.

“या, बसा, लाजू नका. कोट कुठेही टाका. खिडकीतून बघून घ्या एकदा, म्हणजे मग मधेमधे तिकडे लक्ष जायला नको.” त्यांनी गोलावर नजर फिरवली. “दाराबद्दल विचारणारी कोण तुमच्यात? त्या बार्नबीने मला जिन्यात गाठून सांगितलं. मला फार आवडला तो प्रश्न.”

सगळ्यांच्या माना वळल्या. पिपाने तोंड उघडलं. गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच तिला शब्द शोधावे लागले.

“मीच विचारला,” ती म्हणाली. “पण तो माझा नाही.”

“मग कोणाचा?”

“आईचा.”

“आणि आई कुठे आहे?”

“खाली. चहा पितेय.”

मुलं खिदळली. डॉक्टर टॅटरसल हसल्या नाहीत. पिपा अर्धी उठली.

“मी बोलावून आणू का तिला? दोन मिनिटांत येते. पळत जाते.”

“त्यांना यायचंय का?”

“हो! म्हणजे…” पिपा थांबली. आईला यायचंय हे ती सहा महिने सगळ्यांना सांगत होती. मावशीला, शाळेतल्या बाईंना, अगदी मिस्टर प्लँटनासुद्धा. आई स्वतः ते कोणाला म्हणाली होती का, हे तिला आठवून बघावं लागलं. “मला वाटतं, हो.”

“मग येतील की,” डॉक्टर टॅटरसल म्हणाल्या. “बस तू.”

पिपा बसली. डॉक्टरांनी फळ्यावर एक जुना नकाशा लावला. आधी गिरण्या, मग नदी, मग टेकडीवरचं इस्पितळ. इमारत ही कोणीतरी घेतलेल्या निर्णयांची रास असते, असं काहीतरी त्या सांगत होत्या. एक मुलगा वहीत भराभर लिहीत होता. पिपाचं लक्ष दाराकडे होतं. भिंतीतून त्या जुन्या लिफ्टची घरघर ऐकू येत होती. एक खोकं आलं, रिकामंच गेलं, दुसरं आलं. तिचे पाय धावायला निघाले होते. तिने घोट्याला घोटा अडकवला आणि ते खुर्चीखाली दाबून धरले.

नकाशावरची नदी ओलांडून डॉक्टर पुलापर्यंत आल्या होत्या, तेव्हा दार वाजलं. दार वाजवून माणूस आत न येता बाहेरच थांबतो, तशी ती थाप होती.

“या!”

लिनेट आत आली. केस भिजलेले, गाल लाल. गळ्यात बिल्ला नव्हता.

“माफ करा. उशीर झाला.”

“मुलीला शोधताय का?” डॉक्टर टॅटरसलनी अगदी सहज विचारलं, आणि सगळ्या खोलीने पिपाकडे पाहिलं. ‘हो’ म्हटलं की संपत होतं. किती सोपं, किती सभ्य. पिपाला आईच्या चेहऱ्यावर ते ‘वा, थँक्यू’ उमटायला लागलेलं स्पष्ट दिसलं. पिपा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली.

“नाही,” लिनेट म्हणाली. “म्हणजे, ती तिथे बसलीय ती माझीच आहे. पण मी तिच्याबरोबर आलेली नाही. ती माझ्याबरोबर आलीय.” तिने श्वास घेतला. “तुमच्या यादीतलं नाव माझं आहे. लिनेट. सकाळपासून घोटाळा झालाय. चूक माझीच, मी सांगायला हवं होतं. सॉरी.”

“आणि चहा?”

“पाणचट आहे. आणि तिथे पोरांना सोडून कसं द्यायचं ते शिकवतायत. एका दिवसात मला दोन्ही नाही झेपायचं.”

डॉक्टर टॅटरसल आता मात्र खळखळून हसल्या. बसायला एकही खुर्ची रिकामी नव्हती. पिपा उठली. आई तिच्या जागी येऊन बसली. बसताना तिने पिपाकडे पाहिलं नाही, फळ्याकडे पाहिलं.

“तर मग, लिनेट. त्या दाराबद्दल तुम्ही काय म्हणत होतात?”

“मी नऊ नंबर चालवते,” लिनेट म्हणाली. “तुम्हाला वाटेल, हिला काय करायचंय. पण सिग्नलला थांबलं की समोर तीच इमारत येते, नेहमी पाठमोरी…”

“मला याची तीन उत्तरं माहीत आहेत,” डॉक्टर म्हणाल्या, “आणि तिन्हींवर माझा पुरता विश्वास नाही. पण आधी तुम्हाला काय वाटतं ते सांगा.”

पिपाने बाहेर पडून दार हळूच ओढून घेतलं. आईला काय वाटतं ते तिला ऐकायचं होतं, खूपच ऐकायचं होतं, पण ऐकत उभं राहिलो तर आपण मधेच बोलणार हेही तिला पक्कं माहीत होतं.

जुन्या इमारतीच्या दिवाणखान्यात भाषण चालू होतं. पिपा शेवटच्या रांगेत जाऊन बसली. बाजूला दंडावर जहाज गोंदवलेला एक अवाढव्य माणूस बशीतली बिस्किटं न खाता नुसतीच रांगेत लावत होता.

“बहीण की भाऊ?” त्याने कुजबुजत विचारलं.

“आई,” पिपा म्हणाली.

त्याने मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. पिपाला वाटलं, आता हसणार. तो हसला नाही.

“कुठला विषय?”

“इतिहास.”

“राहणार इथेच?”

“नाही, घरूनच येणार. बसने.”

“मग सुखी आहेस. आमचं ध्यान वसतिगृहात राहणार म्हणतंय. अंडं उकडता येत नाही त्याला.” त्याने एक बिस्किट पिपापुढे सरकवलं. “भीती वाटते का गं तुला?”

“कसली?”

“हेच. जमेल का, मित्र मिळतील का. कोणी हसेल का.”

पिपा विचार करायला लागली. मघाशी वर मुलं खिदळली होती, ते आठवलं.

“वाटते,” ती म्हणाली. हे तिने याआधी कोणाजवळ म्हटलं नव्हतं, कारण तिला ते आत्ताच कळलं होतं.

पुढे उभ्या असलेल्या बाई सांगत होत्या की पहिले काही आठवडे रोज फोन करू नका, त्यांची भांडणं तुम्ही भांडू नका, त्यांच्या वतीने प्राध्यापकांना पत्रं तर मुळीच लिहू नका. रांगांतून कोणी सुस्कारा सोडला, कोणी कसनुसं हसलं. “काही प्रश्न?” बाईंनी विचारलं, आणि पिपाचा हात सवयीने वर गेला.

“ते घरी आले आणि काहीच बोलले नाहीत तर?”

सगळे वळून बघू लागले. पालकांच्या शेवटच्या रांगेत जांभळा बिल्ला. बाई क्षणभर गोंधळल्या, पण प्रश्न खरा आहे हे त्यांना कळलं असावं.

“तर किटली ठेवायची,” त्या म्हणाल्या. “आणि थांबायचं.”

“किती वेळ?”

“ते आपल्या हातात नसतं गं.”

भाषण संपलं. माणसं कोट चढवून आपापल्या मुलांना शोधायला गेली. जहाजवाल्या माणसाने जाताना पिपाच्या खांद्यावर एक जड थाप मारली. तीन वाजून गेले. डॉक्टर टॅटरसलचा वर्ग तीनलाच संपायचा होता. स्वयंपाकघरातल्या बाई कप गोळा करायला आल्या तेव्हा पिपाने त्यांच्याकडून एक नवा चहा मागून घेतला, जरा कडक करा म्हणून सांगितलं, आणि गार होऊ नये म्हणून वर बशी झाकली. मग तिने तो कप समोर ठेवला आणि बसून राहिली. वर जाऊन बघून यावं असं तिला सारखं वाटत होतं. दोनदा ती उठलीसुद्धा. दुसऱ्यांदा उठली तेव्हा खिडकीपर्यंत जाऊन परत आली.

दिवाणखान्याचे दिवे लागले. खुर्च्या एकावर एक चढवल्या जात होत्या, आणि त्या खडखडाटात तिला ओळखीची पावलं ऐकू आली, पायऱ्यांवरून भराभर येणारी. लिनेट दारात उभी राहिली. एका हातात कोट, दुसऱ्या हातात अर्जाचे कागद, कानामागे कोणाचं तरी पेन.

पिपाच्या तोंडात एकदम दहा प्रश्न गोळा झाले. तिने ते सगळे गिळले, बशी उचलली आणि कप पुढे सरकवला.

“चहा घेणार?”

“थांब, ते राहू दे,” लिनेट म्हणाली. खुर्चीवर टेकायच्या आधीच ती बोलायला लागली होती.